कोटेशनात जे लिहिलेलं नसतं

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. प्रिंटर कागद ओढत नाही, वायफाय माडीवर पोचत नाही, हे सगळं मागे पडतं आणि एकच विषय उरतो: मुलाला गेमिंग पीसी हवाय, पैसे मोजके आहेत आणि दुकानदार सांगतोय ते खरं की खोटं ते कळत नाही. साताऱ्यातल्या माझ्या दुकानात मी रोज अशी कोटेशनं लिहिते आणि लोक दुसरीकडून आणतात ती वाचतेही. म्हणून या वेळचं सदर त्यालाच. पत्रं थोडक्यात करून घेतली आहेत. सुट्या भागांच्या किमती मुद्दामच लिहीत नाही, कारण अंक तुमच्या हातात पडेपर्यंत त्या बदललेल्या असतील.

प्रश्न: ताई, मुलगा दहावी झाला. पीसी अभ्यासालाही हवा आणि त्याला ‘व्हॅलोरंट’ आणि ‘जीटीए ५’ खेळायचेत. तालुक्याच्या दुकानातून मिळालेलं कोटेशन असं: इंटेल आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉट एसएमपीएस, आरजीबी गेमिंग कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर. सगळं मिळून ३८,०००. माझी तयारी ६०,००० पर्यंत आहे, पण वाचले तर बरंच. घेऊ का? (एक वडील, बार्शी)

उत्तर: भाऊ, या कोटेशनात सात वस्तू आहेत आणि एकीचंही पूर्ण नाव नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आलं.

आय-७ पासून सुरू करू. इंटेलने २००८ पासून कित्येक आय-७ काढले. आय-७ २६०० हा २०११चा, ३७७० हा २०१२चा, आणि त्यानंतर दरवर्षाचे वेगळे. नुसतं ‘आय-७’ म्हणणं म्हणजे पत्ता विचारल्यावर ‘पुण्यात राहतो’ एवढंच सांगणं. मॉनिटरसकट ३८,००० मध्ये नवा आय-७ बसत नाही, हे तुमच्या दुकानदारालाही ठाऊक असणार. बहुतेक हा कुठल्यातरी कंपनीच्या ऑफिसातून निघालेला दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असेल आणि त्याच्याखाली एच६१ चिपसेटचा बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडतात तो मदरबोर्ड. चिपसेट ही त्याच्यावरची मुख्य चिप. हा चिपसेटसुद्धा २०११चाच. बोर्ड मात्र अजून नवे बनून येतात, चकचकीत खोक्यात, प्लास्टिकसकट. गिऱ्हाईक तिथेच फसतं, कारण वस्तू खरोखर नवीच दिसते.

असा पीसी चालत नाही असं मी म्हणणार नाही. टॅली, वर्ड, यूट्यूब छान चालतं. पण विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यात व्हॅलोरंटचा चीटिंग पकडणारा प्रोग्रॅम विंडोज ११वर टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची तपासणी) या दोन्ही गोष्टी मागतो. एच६१च्या बोर्डावर टीपीएम २.० कुठून आणणार? विंडोज ११ टाकून मुलगा पहिला गेम उघडेल आणि तोच उघडणार नाही. २०२२ साली आलेला साधा आय-३ १२१००एफ, चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेडचा (एका वेळी चालणारी कामं), त्या जुन्या आय-७ला वेगात मागे टाकतो. दुकानाच्या पाटीवर मात्र सात हा आकडा तीनपेक्षा मोठाच दिसतो.

पुढे, ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’. जीटी ७३० हेही ४ जीबीत मिळतं आणि जीटीएक्स १६५० हेही ४ जीबीचं. पहिलं २०१४चं, आणि एकाच नावाखाली ९६ कोअरचंही निघालं, ३८४ कोअरचंही. दुसरं २०१९चं, ८९६ कोअरचं. कार्डावर किती मेमरी आहे यावरून कार्डाचा वेग कळत नाही. कळतं ते एवढंच, की किती मोठी चित्रं एका वेळी त्यात मावतील. मेमरी हवीच, आणि आज नवं कार्ड घेताना मी ८ जीबीच्या खाली जाऊ देत नाही. पण आधी चिपचं नाव, मग जीबी.

‘१६ जीबी रॅम’. डीडीआर३, ४ की ५, म्हणजे कुठल्या पिढीची? एक काडी की दोन? हा दुसरा प्रश्न दुकानदाराला छळण्यासाठी नाही. डीडीआर४ ३२००ची एक काडी सेकंदाला २५.६ जीबी माल वाहते. दोन काड्या योग्य स्लॉटमध्ये असतील तर ५१.२. पैसे जवळपास तेवढेच आणि काम दुप्पट, तरीही ‘पुढे वाढवायला स्लॉट मोकळा राहील’ म्हणून एकच १६ची काडी गळ्यात मारतात. ८च्या दोन घ्या. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. आणि पीसी तयार झाल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगावर धावू देणारी सोय, चालू केलीय ना, ते समोर उभं राहून विचारा. नाहीतर ३२००ची रॅम २१३३ किंवा २६६६वर धावत राहते आणि मालकाला कधीच पत्ता लागत नाही.

रॅमच्या किमतीबद्दल एक सांगायला हवं, कारण पुष्कळांना वाटतंय की दुकानदार लुटतोय. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅम खरंच भडकली. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले, घरगुती माल कमी पडला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रुशल’ हा घरगुती ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. यात तालुक्याच्या दुकानदाराचा काही दोष नाही. घरात जुनी डीडीआर४ची काडी पडलेली असेल तर फेकू नका.

एसएसडीवर मी फार वेळ घालवत नाही. एनव्हीएमई (बोर्डाच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारी) घ्या, साधी चालेल. साटावाली, म्हणजे जुन्या पद्धतीची, सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, ही हजारांत जाते, पण गेम लोड होताना तो फरक तुम्हाला घड्याळ लावून शोधावा लागेल. जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या पुढे जागा खातो, एवढं लक्षात ठेवा आणि बोर्डावर एम.२चा दुसरा स्लॉट असेल तर बरं.

आता एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना वाटणारा डबा. या ओळीकडे कोणी बघत नाही आणि माझ्या दुकानात जळून येणाऱ्या पीसींची सुरुवात बहुतेक वेळा याच डब्यापासून झालेली असते. डबा हातात घ्या, बाजूचं लेबल वाचा आणि ‘+१२ व्होल्ट’ लिहिलंय त्याखालचे अँपिअर शोधा. त्याला बाराने गुणा. समजा तिथे १६ आहे, तर १९२ वॉट झाले. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच बारा व्होल्टवर जेवतात. म्हणजे बाहेर ‘४५०’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी तुमच्या कामाचे वॉट १९२च. चांगल्या कंपनीच्या डब्यावर हा गुणाकार छापील आकड्याच्या अगदी जवळ येतो. ‘८० प्लस ब्रॉन्झ’चा शिक्का असला तर उत्तम, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, निम्म्या लोडवर किमान ८५ टक्के उपयोगात येते असं. ओव्हरलोड झाल्यावर डबा स्वतः बंद पडेल की कार्डाला घेऊन जळेल, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी कंपनी आणि वॉरंटीची वर्षं बघायची. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेला एसएमपीएस मी गेमिंग पीसीत बसवत नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालतं.

मग तुम्ही काय घ्यावं? प्रोसेसर रायझन ५ ५६०० किंवा आय-५ १२४००एफ. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेडचे, दोन्हींबरोबर खोक्यात पंखा येतो आणि तो पुरतो. रायझन घेतलात तर बी५५० किंवा बी४५०चा बोर्ड. बी४५० असेल तर बायोस अपडेट करून द्या म्हणून आधीच बजावायचं, कारण हा प्रोसेसर बोर्डाच्या बऱ्याच नंतर आला आणि जुन्या बायोसवर स्क्रीन काळीच राहते. इंटेल घेतलात तर एच६१०. यात डीडीआर४चे बोर्ड वेगळे आणि डीडीआर५चे वेगळे, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, म्हणून बोर्डाचं पूर्ण नाव बिलावर हवं. कार्ड आरएक्स ६६०० मिळालं तर ते. ८ जीबी, १३२ वॉट, आठ पिनची एकच वायर. नाही मिळालं तर आरटीएक्स ५०५०. चांगला ५०० वॉटचा एसएमपीएस. कॅबिनेट पुढून जाळीचं, काचेचं नको. तुमच्या सोलापूर भागात एप्रिल-मेमध्ये काचेच्या कॅबिनेटात काय होतं ते मी सांगायला नको.

एकूण रकमेचा साधारण तिसरा हिस्सा कार्डावर जाऊ द्या. हिशेब बसत नसेल तर प्रोसेसर १२१००एफवर आणा, कॅबिनेट आणखी साधं घ्या, एसएसडी लहान घ्या. एसएमपीएसला हात लावू नका.

आणि पैसे वाचवायचेच असतील तर दुकानात जाण्याआधी मुलाला निवांत विचारा, की रोज काय खेळणार? नुसतं व्हॅलोरंट असेल तर तो हलका गेम आहे, त्यासाठी एवढं कार्ड लागत नाही. पुढचं पत्र कार्डाशिवाय खेळण्याबद्दलच आहे.

प्रश्न: मूळ नांदेडचा, पुण्यात हॉस्टेलवर राहतो. सध्या ३५,००० आहेत. मित्र म्हणतात, आत्ता रायझन ५६००जी घे, त्यातल्या ग्राफिक्सवर खेळ आणि कार्ड नंतर टाक. काही जण म्हणतात, असं करू नको, ५६००च घे. एका ‘जी’ने एवढा काय फरक पडतो? (इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष)

उत्तर: पडतो. ५६००जीच्या पोटात ग्राफिक्स आहे, वेगा ७. त्याला जागा करून देताना प्रोसेसरची एल३ कॅश (त्याच्या आतली झटपट मेमरी) ३२ वरून १६ एमबीवर आली आणि पीसीआय एक्स्प्रेस (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधला रस्ता) चौथ्याऐवजी तिसऱ्या पिढीचं राहिलं. त्यामुळे पुढे कार्ड टाकल्यावर हा चिप साध्या ५६००पेक्षा मागे पडतो, विशेषतः ज्या गेममध्ये प्रोसेसरला काम जास्त. त्यातून कोणी स्वस्तात आरएक्स ६५०० एक्सटी दिलं तर जपून. ते कार्ड त्या रस्त्याच्या फक्त चार लेनवर बोलतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर निभावतं, तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर त्याचा गळा आवळला जातो, कारण मेमरी ४ जीबीच असल्याने त्याला सारखी मागणी करावी लागते. ५६००जी आणि ६५०० एक्सटी ही जोडी मी कुणालाही लावून देणार नाही.

पण तुझा खरा प्रश्न ‘नंतर’ म्हणजे कधी हा आहे. दिवाळीत घरून पैसे यायचेत, इंटर्नशिपचा स्टायपेंड सुरू व्हायचाय, असं काही ठरलेलं असेल तर ५६०० घे आणि तोपर्यंत मित्राकडचं कुठलंही जुनं कार्ड लावून चालव. नुसत्या ५६००वर कार्डाशिवाय स्क्रीनच येत नाही, हे विसरू नकोस. इंटेलमध्ये शेवटी ‘एफ’ असेल तर तेच. आणि ‘नंतर’ म्हणजे नोकरी लागल्यावर, असं असेल तर बिनधास्त ५६००जी घे. व्हॅलोरंट छान चालेल, जीटीए ५ सेटिंग खाली आणून चालेल, आणि असाइनमेंट तर चालतीलच. नव्या मोठ्या गेमची आशा ठेवू नकोस.

यात रॅम मात्र दोन काड्यांचीच. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुझ्या रॅममधूनच उसनवारी करतं. एका काडीवर ५६००जी चालवणाऱ्यांचीच ‘हा प्रोसेसर बकवास आहे’ अशी तक्रार येते. आणखी एक फायदा कोणी सांगत नाही: उद्या कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तरी ‘जी’वाल्याचा पीसी चालू राहतो. परीक्षेच्या तोंडावर त्याची किंमत कळते.

एएम५ (एएमडीचा नवा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) आणि त्यात बसणाऱ्या ८६००जीबद्दलही विचारलं होतंस. ८६००जीचं ग्राफिक्स वेगा ७पेक्षा बरंच पुढचं आहे आणि एएमडी तो सॉकेट २०२७पर्यंत आणि त्यापुढेही चालवणार म्हणते. पण त्याला डीडीआर५ लागते आणि सध्याच्या रॅमच्या भावात तुझ्या ३५,००० मध्ये ते बसणार नाही.

प्रश्न: बाबांच्या ऑफिसमधून एक ब्रँडेड छोटा पीसी विकत मिळाला. आय-५ ८५००, ८ जीबी रॅम, कॅबिनेट पुस्तकाएवढं अरुंद. यात ग्राफिक्स कार्ड बसेल का? दोन दुकानांत ‘सगळंच बदलावं लागेल’ म्हणाले. (बारावी, चिपळूण)

उत्तर: सगळं बदलू नकोस. तुला या पानावरचा सगळ्यात स्वस्त गेमिंग पीसी मिळालाय. आय-५ ८५०० सहा कोअरचा आहे, २०१८चा, आणि विंडोज ११च्या यादीत तो बसतो.

अडचणी दोनच: उंची आणि वीज. अशा छोट्या ऑफिस पीसीत एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, बाजारातला बसत नाही, आणि कार्डाला द्यायला जादा वायरच नसते. म्हणून कार्ड असं हवं की जे स्लॉटमधूनच वीज घेईल, म्हणजे ७५ वॉटच्या आत, आणि ‘लो प्रोफाइल’ असेल. त्या मापात गेमिंगसाठी घेण्याजोगं कार्ड आरटीएक्स ३०५०, पण ६ जीबीवालं. इथे नाव काळजीपूर्वक वाच. ३०५० याच नावाने दोन कार्डं आहेत. २०२२चं ८ जीबीचं, १३० वॉटचं, त्याला वेगळी वायर लागते. २०२४चं ६ जीबीचं, ७० वॉटचं, त्याला बहुतेक लागत नाही. त्यात कोअरही कमी आहेत, २५६० ऐवजी २३०४, म्हणजे ते दोन जीबी कमी असलेलं तेच कार्ड नव्हे, वेगळंच आहे. मोठा पीसी बांधणाऱ्याने ६ जीबीवालं घेऊ नये, तू मात्र तेच घ्यावंस. खोक्यात छोटी पट्टी आहे का बघ. कार्डाची लांब पट्टी काढून ती लावली की ते अरुंद कॅबिनेटात बसतं.

घेण्याआधी झाकण काढून तीन गोष्टी बघ. कार्डाचा लांब स्लॉट मोकळा आहे का? त्याच्या शेजारचीही एक जागा मोकळी हवी, कारण पंखा जाड असतो. आणि एसएमपीएसच्या लेबलवर किती वॉट लिहिलेत? त्या कंपन्या सहसा खरा आकडा लिहितात. २००च्या पुढे असेल तर मला काळजी वाटत नाही. त्याच्या खाली असेल तर एसएमपीएसचा फोटो पाठव, मग बोलू. रॅम आणखी ८ जीबी टाक, आहे त्याच वेगाची.

तुम्हा कोकणातल्यांसाठी एक वेगळी सूचना. मागच्या बाजूच्या पट्ट्या काढल्यावर भोकं उघडी ठेवू नका. पाल आत जाते, उबेला एसएमपीएसजवळ बसते, आणि एक दिवस दोघांचाही शेवट होतो. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. आणि पावसाळ्यात गावाला जाऊन पीसी महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा घरातल्या कुणाला तरी अधूनमधून तासभर चालू ठेवायला सांगा. तेवढ्या उष्णतेने आतला दमटपणा निघतो.

प्रश्न: आय-५ १२४००एफ आणि आरटीएक्स ३०६० आहे. गेम सुरू करून दहा मिनिटं झाली की पीसी फट्‌कन बंद. इंटरनेट, पिक्चर बघताना काही होत नाही. दुकानदार म्हणतो, उन्हाळ्याने कार्ड गेलं, बदला. ६०० व्हीएचा यूपीएस आहे. (अकोला)

उत्तर: कार्ड बदलू नका. निदान या लक्षणावरून तरी नाही.

तापलेला पीसी असा झटक्यात बंद होत नाही. आधी तो मंदावतो. तुमचा प्रोसेसर १०० अंशांजवळ आणि कार्ड ९३च्या आसपास गेलं की स्वतःच वेग कमी करतात, गेम अडखळायला लागतो, पंखे विमानासारखे ओरडतात. अगदीच हाताबाहेर गेलं तर मगच बंद. काही न अडखळता दिवा गेल्यासारखा बंद झाला तर संशय विजेवर घ्यायचा.

तुमच्या पत्रात शेवटी सहज लिहिलेला यूपीएस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. असे यूपीएस साधारण ३६० वॉटचे असतात. आता जोडा: कार्ड १७० वॉट, प्रोसेसर पूर्ण जोरात असताना ११७पर्यंत, पंखे, डिस्क, बोर्ड मिळून आणखी ४०-५०. एसएमपीएस वाया घालवतो ते धरलं आणि मॉनिटरही त्याच यूपीएसवर असला तर भिंतीतून ओढ चारशेच्या आसपास जाते. पिक्चर बघताना हीच ओढ शंभराच्या मागेपुढे असते, म्हणून तेव्हा काही होत नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. यूपीएस बाजूला काढा, पीसी सरळ भिंतीच्या पंधरा अँपिअरच्या चांगल्या सॉकेटला लावा आणि अर्धा तास खेळा. चालला, तर दोष यूपीएसचा आणि तुम्हाला १००० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्यावा लागेल. तरीही बंद झाला, तर मित्राचा चांगला एसएमपीएस लावून बघा. कार्डाचा नंबर त्यानंतर.

त्या सॉकेटचं अर्थिंगही बघून घ्या. चालू पीसीच्या कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी उभं राहून हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय. एसएमपीएसच्या आत गाळणीसाठी कपॅसिटर असतात, ते थोडी वीज पत्र्यावर सोडतात, ती अर्थिंगमधून निघून जायची असते. वाट नसली की तुमच्या बोटातून जाते. प्रवाह अगदी थोडा असतो, पण यावर ‘रबरी चप्पल घालून बसा’ हा उपाय नव्हे. इलेक्ट्रिशियन बोलवा.

उन्हाळ्याचं म्हणाल तर अकोल्यात खोलीच ४० अंशांची असते, तेव्हा आतलं सगळं त्याच्यावर मोजायचं. मार्चमध्ये एकदा ब्लोअरने धूळ काढा, पंख्याची पाती बोटाने धरून. हवेच्या झोताने पंखा सुसाट फिरू दिला तर त्याचं बेअरिंग जातं.

प्रश्न: मुलीच्या हट्टासाठी १४४ हर्ट्झचा महागडा मॉनिटर घेतला. तिला काहीच फरक दिसत नाही म्हणते. परत करू का? (एक आई, ठाणे)

उत्तर: थांबा. पीसीच्या मागे बघा, मॉनिटरची केबल वर उभ्या पट्टीत, यूएसबीच्या शेजारी लावली आहे का? असेल तर काढून खाली, आडव्या, ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत लावा. शक्यतो डिस्प्लेपोर्टची केबल वापरा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो हर्ट्झचा आकडा) ६० वरून १४४ करा. विंडोज पुष्कळदा आपणहून करत नाही. त्यानंतर मुलीला काहीही न सांगता माउस हलवायला द्या.

प्रश्न: लॅमिंग्टन रोडला जाऊन सेकंडहँड कार्ड घ्यायचा विचार आहे. आरएक्स ५८० फार स्वस्त मिळतंय. मायनिंगचं कार्ड घेऊ नये म्हणतात, ते ओळखायचं कसं? आणि बिल न घेतल्यास बरेच पैसे कमी करतात. (डोंबिवली)

उत्तर: मायनिंगला, म्हणजे क्रिप्टो नाणी मिळवायला रात्रंदिवस चाललेल्या कार्डांना, लोक फार घाबरतात, मी तेवढी घाबरत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या नाण्याचं मायनिंग बंद झालं आणि त्या रॅकवरची कार्डं बाजारात आली. ती सारखी चालत होती हे खरं, पण एकसारख्या लोडवर चालत होती. त्यांचे पंखे झिजतात, मेमरीवरचे उष्णता ओढणारे थर्मल पॅड वाळतात, आणि दोन्ही बदलता येतात. मला भीती वाटते ती खोट्या नावाची.

आरएक्स ५८० या नावाखाली दोन चिप विकल्या जातात. खऱ्यात २३०४ कोअर, दुसरीत २०४८, आणि दुसरीचं पूर्ण नाव ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ आहे. शेवटची अक्षरं आणि आकडे पाटीवर लिहायला जागा पुरत नाही बहुतेक. त्याहून वाईट म्हणजे फार जुन्या कार्डाचं बायोस बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय म्हणवून विकतात. विंडोजसुद्धा तेच नाव दाखवतं. म्हणून पेन ड्राइव्हवर ‘जीपीयू-झेड’ हा प्रोग्रॅम घेऊन जा. ते चिपचं नाव, कोअर, मेमरी सगळं दाखवतं आणि बनावट ओळखलं तर नावाआधी ‘फेक’ असं स्पष्ट लिहितं.

ग्रँट रोड स्टेशनवरून चालत भडकमकर मार्गाला, म्हणजेच लॅमिंग्टन रोडला, लागलात की पहिल्याच दुकानात पैसे काढू नका. चार दुकानांत पूर्ण नावासकट भाव विचारा. सगळ्यात कमी भाव सांगणारा कुठलं अक्षर गाळतोय ते तोवर आपोआप कळतं. कार्ड हातात आलं की स्क्रूवरची पट्टी फाटलेली आहे का, पंखा बोटाने डुगडुगतो का, जाळीवर गंज आहे का ते बघा. मग चालू करून वीस मिनिटं लोड द्यायला सांगा आणि तोपर्यंत तापमान बघत उभे राहा. स्क्रीनवर चौकटी, ठिपके, रंगीत रेघा आल्या तर मेमरी गेलेली आहे.

बिलाचं म्हणाल तर नव्या मालावर १८ टक्के जीएसटी आहे, तेवढे वाचल्यासारखे दिसतात. पण कार्डाची तीन वर्षांची वॉरंटी मागताना पुष्कळ ठिकाणी सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागतात, आणि दुकानदाराला तुमचा चेहरा आठवत नसतो. नवा माल असेल तर बिलाशिवाय घेऊ नका. सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाचं बिल मागा. वॉरंटी शिल्लक असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. आणि कार्ड लावून दाखवायला नाही म्हणाला, ‘घरी जाऊन बघा, नाही चाललं तर परत आणा’ म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा. तो रस्ता दुकानांनी भरलेला आहे.